अडवू मी, कळवू मी

अहो,

मायना लिहिताना हात अडला. 'प्रिय' म्हणायची आपल्यात पद्धत नव्हती. तुमचं नाव मी घेतलं ते फक्त उखाण्यात, आणि तो उखाणाही तुम्हीच रचून माझ्या धाकट्या भावाच्या हाती पाठवला होतात. का, तर माझा चुकेल म्हणून! तेव्हा 'अहो' एवढंच पुरे.

आज सकाळी मुंबईकरांची शेवटची गाडी गेली. उत्सव आटपला, मांडव उतरला, देवळातल्या सतरंज्या शाळेत परत गेल्या. मी घरी येऊन पडवीत बसले आणि लिहायला घेतलं. कारण असं, की गाडीत चढता चढता सुनील विचारून गेला, "काकी, पुढच्या वर्षी मास्तरांचं नाटक पद्यात करायचं की गद्यात? शिमग्याला येईन तेव्हा सांगा." आता हे मी कोणाला विचारू? ज्यांना विचारायचं ते श्रावणात गेले. नाही तरी सरळ प्रश्नाला सरळ उत्तर तुम्ही कधी दिलंत?

अलोऱ्याच्या शाळेत तुमची बदली झाली होती तेव्हाचं आठवतं? मी लिहायची, रॉकेल संपलंय, विद्याला ताप आहे, कौलं शाकारायला माणूस मिळत नाही. तुमचं उत्तर यायचं ते साकी वृत्तात! ओळीओळीला यमक, आणि रॉकेलचं नाव नाही. मी चिडून लिहिलं, पद्य पोचलं, पण त्यावर दिवा पेटत नाही. तर तुम्ही खूश! म्हणे ही ओळ नाटकात घालतो. घातलीतही. लोक हसले आणि मी विंगेत बसून दात-ओठ खाल्ले.

म्हणून हे पत्र गद्यात आहे. आता तरी बायकोचं गद्य वाचा.

यंदा मंडळींनी तुमचं खाडीचं नाटक लावलं. त्याला तुम्ही चांगलं भारदस्त नाव दिलं होतंत, पण वाडीने कधी ते घेतलं नाही, सगळे 'खाडीचं नाटक'च म्हणतात. दोन भाऊ, दोन काठांवर दोघांची घरं, मधल्या तरीवरून, म्हणजे होडीच्या फेरीवरून, भांडण. थोरला ती फेरीच बंद करतो. आई धाकट्याकडे थोरल्याची वाट बघत मरते, आणि मग थोरला होडी काढून येतो. गोष्ट काय, दोन मिनिटांत सांगून होते. तुम्ही तिचे तीन अंक केलेत, सगळे पद्यात.

आणि ते बसवायची आपल्या वाडीची तऱ्हा! दुसऱ्या गावात कुणाला सांगितलं तर हसतील. निम्मे नट मुंबईला, निम्मे इथे. मुंबईकर तिकडे कुणाच्या तरी खोलीत तालमी करणार, गावकर देवळात करणार, आणि दोघे एकमेकांना भेटणार ते थेट उत्सवाच्या आदल्या दिवशी, रंगीत तालमीला. प्रत्येकाच्या हातात त्याची नक्कल. नक्कल म्हणजे आपलं भाषण आणि समोरच्याच्या भाषणाची नुसती शेपटी. शेपटी ऐकू आली की आपण सुरू व्हायचं.

दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून बसला असता. तुम्ही काय केलंत? जोड्यांच्या ओळी लिहिल्यात, पहिली मुंबईच्या नटाला, दुसरी गावच्या नटाला. यमक अर्धं तिकडे, अर्धं इकडे. महिना महिना आपली वाडी अर्धी यमकं घोकायची. धाकट्या भावाचं काम करणारा शांताराम रिक्षा चालवता चालवता 'कळवू मी, कळवू मी' पुटपुटायचा, आणि संगमेश्वरच्या स्टँडवर लोक त्याला विचारायचे, "काय रे, कुणाला कळवायचंय?" मग रंगीत तालमीला दोन्ही अर्धी समोरासमोर यायची आणि ती जोडी पहिल्यांदा जुळायची. नट स्वतःच दचकायचे! तुम्ही कोपऱ्यात बसून मिश्यांतल्या मिश्यांत हसायचात. मला तेव्हा त्यात विशेष वाटायचं नाही, कारण मी घरी खवणीवर बसून दोन्हीकडच्या ओळी ऐकलेल्या असायच्या.

पण ती भांडणं! भावांच्या भांडणाच्या प्रवेशात एकाही ओळीला यमक नव्हतं. मला वाटलं कंटाळा केलात. मी विचारलंही, "इथे विसरलात का?" तुम्ही म्हणालात, "भांडणारी माणसं एकमेकांचं ऐकतात का? ऐकल्याशिवाय यमक जुळायचं कसं?" त्या दिवशी आपणही भांडलो होतो, ते तुमच्या लक्षात होतं की नाही कोण जाणे.

आईला मात्र तुम्ही ओवी दिलीत.

भरती आली, सुकती गेली,
तुळस वाळून पुन्हा पालवली,
तुझी होडी कुठे अडकली,
सांग बाळा.

शांतारामची बायको मंदा आईचं काम करते. तिने पहिल्या वर्षी विचारलं होतं, "मास्तर, तीन ओळी यवड्या लांब आनि चौथी यवडीशीच कशी? काय तरी ऱ्हायलंय." तुम्ही म्हणालात, "राहिलं नाही गो, तिचा दम तिथेच संपतो. पुढचं लोक मनात म्हणतात." मंदाने ते असं काही धरलं, की ती 'सांग बाळा' म्हणून थांबली की मंडपातल्या बायका पदर तोंडाला लावायच्या. ती रडायची नाही. तुम्ही तिला रडू दिलं नाहीत. ओवीने रडायचं काम केलंय, तू कशाला करतेस, असं काहीसं बोलला होतात.

मी वाद घातला होता तुमच्याशी, आठवतो? खरं दुःख असं ताल धरून येतं का? माणूस रडताना मात्रा मोजतो का? तुम्ही म्हणालात, "मयताच्या घरी बायका बघितल्यास ना? रडताना झुलतात. ते झुलणं म्हणजे मात्राच."

तुम्ही गेलात तेव्हा मी झुलले नाही. आल्या-गेल्याला चहा करत होते. दूध संपलं म्हणून शेजारून मागवत होते. विद्या आली, दिवस झाले, ती परत गेली, आणि तेव्हापासून रोज संध्याकाळी तिचा फोन येतो. "आई, बरी आहेस ना?" "बरी आहे." "जेवलीस?" "जेवले." झाला फोन. गुडघे बोलतात, रात्र सरत नाही, तुमची खुर्ची हलवावी की राहू द्यावी हे अजून ठरत नाही. ते सगळं सोडून मी म्हणते, बरी आहे. हे मी तुमच्याकडूनच शिकले, बरं का.

मार्गशीर्षात सुनीलचा फोन आला. थोरल्या भावाचं काम त्याच्याकडे. म्हणाला, "काकी, राग मानू नका. पोरांना पद्य पाठ होत नाही. हल्लीची पब्लिक मोबाईल बघत बसते. आम्ही तेच नाटक साध्या भाषेत करतो, मीनिंग सेम. चालेल?"

मी काय बोलावं अशी तुमची अपेक्षा होती? मी तेव्हा पायाला शेक घेत होते. मी म्हटलं, चालेल. भांडायला अंगात बळ लागतं, ते कुठून आणू? फोन ठेवला आणि मला चक्क सुटल्यासारखं वाटलं. एक कटकट गेली! एवढी वर्षं विंगेत बसून तुमच्या मात्रा सांभाळल्या, आता सांभाळा तुमच्या तुम्ही.

एकच झालं. सुनीलला वाटलं, काकी गावात सांगतील. मला वाटलं, मुंबईकर आपणहून कळवतील. पूर्वी मधला दुवा तुम्ही असायचात. एकदा तरी एसटीने मुंबईला जाऊन तिकडची तालीम बघून यायचात. यंदा कोण जाणार? आणि मी देवळाकडे फिरकलेच नाही. तिथे तुमची ती कोपऱ्यातली जागा आहे.

मग व्हायचं तेच झालं. रंगीत तालीम दुपारी सभामंडपात. मी प्रॉम्प्टिंगचं बाड घेऊन माझ्या स्टुलावर. थोरला आला आणि बोलायला लागला, जसं आपण बाजारात बोलतो तसं. धाकट्याने पद्यात उत्तर दिलं. थोरला परत गद्यात. पहिल्यांदा लोक हसले, वाटलं सुनील चेष्टा करतोय. मग हसणं थांबलं. शेवटच्या प्रवेशात सुनील म्हणाला, "अरे, आपले काठ वेगळे असले तरी पाणी तर एकच आहे ना? मी तरी किती दिवस अडवणार?" आणि थांबला. शांताराम नुसता उभा.

"बोल ना," सुनील म्हणाला.

"काकी," शांताराम माझ्याकडे वळला, "ह्यो काय बोलतोय? माजी शेपटी कुठं हाय ह्याच्यात? मी कुठनं धरू?"

"अरे तीच लाईन आहे, बाबा! मीनिंग सेम आहे."

"मीनिंग घेऊन काय करू? मना 'अडवू मी' पायजे. त्याबिगर माज्या तोंडातनं निघायचं नाय."

"काकी, तुम्ही फोनवर हो म्हणालात!"

"आनि आमाला कुनी सांगितलं?" मंदा चूल सोडून आल्यासारखी कमरेला पदर खोचून पुढे आली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, बाड तिथेच ठेवावं आणि घरी जाऊन निजावं.

खरं सांगते, तुमचा राग आला. असं लिहायचं कशाला, की एकाची ओळ सुटली तर दुसरा मुका? पण शांतारामकडे बघितलं आणि कळलं, तो आडमुठेपणा करत नव्हता. त्याला खरंच येत नव्हतं. थोरल्याची ओळ येते, त्या ओळीत पाय टाकूनच धाकटा बाहेर येतो. अर्थ तोच होता की! सुनीलचा एक शब्द चुकला नव्हता. पण त्याने सांगितलेलं समजत होतं आणि आत जात नव्हतं. मी इतकी वर्षं तुमच्याशी ज्या बाजूने वाद घातला, तीच बाजू माझ्यासमोर उभी होती, आणि ती पांगळी होती.

एका दिवसात सुनीलचे तीन अंक पद्यात पाठ होणं शक्यच नव्हतं. मी म्हटलं, "सुनील, तू सगळं नाटक तुझ्या गद्यातच बोल. धाकटा पद्यात बोलेल. थोरला दुसऱ्या काठावर राहायला गेलाय, त्याची भाषा बदलली असं लोक समजतील. फक्त शेवटची ओळ तेवढी मास्तरांची बोल. एक ओळ तरी येईल ना?"

मी सुचवलं ते दुसरं काही उरलं नव्हतं म्हणून. तुम्ही असता तर म्हणाला असता, ही युक्ती आधी का नाही सुचली मला! म्हणा, आता म्हणा.

तिन्हीसांजेला सुनील आपल्याकडे आला. मी खोबरं खवत होते, उद्याच्या काळ्या वाटाण्याच्या आमटीला. त्याला ओळ म्हणायला लावली तर धावायचा. गडबडीत 'कुठवर' आणि 'त्याला' एकमेकांच्या अंगावर चढायचे. मी म्हटलं, "माझ्या हाताकडे बघ." करवंटी फिरते तशी ओळ फिरते, हे मला तुम्ही शिकवलं नव्हतंत, मला ते खवता खवता ऐकूनच आलं होतं.

काठ वेगळे, पाणी एकच, कुठवर त्याला अडवू मी?

आठ, आठ, आठ आणि शेवटी सहा. दोन मात्रा कमी पडतात तिथे श्वास. सुनीलने बऱ्याच वेळाने बरोबर म्हटलं. "काकी, हे बोलताना कसंतरी होतं," म्हणाला. "सेंटेन्स तर साधंच आहे." मी त्याच्या हातावर चिमूटभर खोबरं ठेवलं आणि घरी पाठवलं.

प्रयोग यंदा लवकर लावला, काहींच्या गाड्या रात्रीच सुटायच्या होत्या. सुनील गद्यात बोलत राहिला. पुढे बसलेले भिकूतात्या मोठ्याने म्हणाले, "मुंबयस जाऊन जीभ बिघडली ह्याची!" आणि त्यांना काय माहीत, की नाटकात आता तेच होतं. मोबाईल होते हो लोकांच्या हातात, खोटं कशाला सांगू? मंदाच्या ओवीला बरेचसे खाली गेले.

मग शेवटचा प्रवेश. थोरला आला. दोन तास साधं बोललेला माणूस मधे येऊन उभा राहिला, श्वास घेतला आणि तुमच्या चालीत शिरला. 'काठ वेगळे, पाणी एकच...' ओळ नीट 'अडवू मी'वर येऊन उभी राहिली.

शांताराम बोलेना.

विंगेत बसून बसून मला एवढं कळतं. नट विसरला की विंगेकडे बघतो, दाटून आलं की जमिनीकडे. तो जमिनीकडे बघत होता. अशा वेळी प्रॉम्प्टरने तोंड उघडायचं नसतं, हे मीच नव्या पोरांना सांगत आले. पण ते 'अडवू मी' तसंच उघडं राहिलं होतं. भर दुपारी कुणी दार सताड उघडं टाकून गेल्यासारखं. मला ते बघवेना. आणि मी बोलले. कुजबुजले नाही हो, बोलले! मागच्या रांगेपर्यंत गेलं म्हणतात.

आई गेली, थकले आहे, हे कोणाला कळवू मी!

तुमचं 'थकलो' माझ्या तोंडी 'थकले' झालं, पण मात्रा चुकल्या नाहीत. हवं तर मोजून बघा.

शांतारामने मान वर केली. तो सुनीलकडे वळायला हवा होता, तो विंगेकडे वळला आणि मला बघून तीच ओळ त्याच्या आवाजात म्हणाला, सावकाश, न अडखळता. मग दोघे भाऊ भेटले असतील, पडदा पडला असेल, मला ठाऊक नाही. मंदाने मागून माझे खांदे धरले तेव्हा कळलं की मी स्टुलावर बसल्या जागी झुलतेय. श्रावणापासूनचं सगळं त्या वेळी आलं. ती म्हणत होती, "ऱ्हाव दे काकी, येव दे. आमी हावत."

आता तुमच्याशी भांडण आहे.

ही ओळ तुम्ही लिहिलीत ती सासूबाई गेल्या त्याच्या पुढच्या पावसाळ्यात. त्या गेल्या तेव्हा तुम्ही तेरावं आटपून दुसऱ्या दिवशी शाळेत गेलात. कुणी विचारलं की म्हणायचात, "बरं आहे." मग एका दुपारी माझ्यासमोर बसून ही ओळ वाचलीत आणि विचारलंत, "मात्रा बरोबर आहेत?" मी बोटांवर मोजून म्हटलं, आहेत. तुम्ही उठून गेलात.

मात्राच कशाला विचारल्यात? मी तिथेच होते की! खवणीवर, हातभर अंतरावर! थकलो आहे, एवढे दोन शब्द मला सांगायचे, तर तुम्ही ते आठ मात्रांच्या घडीत बसवलेत आणि शांतारामच्या तोंडी घातलेत. सगळ्या मंडपाला कळलं, मला सोडून. शेवटच्या दुखण्यातही तेच. डॉक्टरांना बरं आहे, विद्याला बरं आहे, मला बरं आहे. कोणाला कळवू म्हणून विचारताय, आणि कळवायचं माणूस घरात!

पण रागावून तरी काय करू? परवा माझंही तेच झालं. सहा महिने पोटच्या पोरीला जे साधं सांगता आलं नाही, ते तुमच्या ओळीत बसलं तेव्हा बाहेर आलं. तुम्ही ते सगळं उगाच घातलं नव्हतंत, हे आता पटलं. हातांना धरायला काहीतरी लागतं, मग माणूस तेवढ्या खोल पाण्यात उतरतो. पटलं, पण फार उशिरा पटवलंत.

सुनीलला मी सांगणार आहे, थोरला गद्यातच येऊ दे. आपल्या काठाला पाय लागला की पद्य. आणि पुढच्या वर्षी विंगेत मी नसेन. पहिले दोन अंक एखादं नवं पोर बसेल; नाटकातली आई तिसऱ्या अंकाआधीच मरते, मग मंदाने स्टुलावर बसावं. मी समोर सतरंजीवर बसेन, भिकूतात्यांच्या मागे. मला एकदा ते यमक समोरून ऐकायचंय.

तुमच्या ओळी जपेन असं वचन मी देत नाही. त्या जपायला दोन्ही काठांवर माणसं आहेत, त्यांना माझी गरज नाही. मी दुसरं एक वचन देते. आज संध्याकाळी विद्याचा फोन येईल. ती विचारेल, आई, बरी आहेस ना? मी म्हणेन, नाही गं, थकलेय. चार दिवस ये.

तेवढंच म्हणेन. यमक न जुळवता.

कधी नावाने हाक मारली नाहीत, तरी सही करते,

तुमची
सुमन